रोज ऑफिसला जाताना मेकअप केलाय असं वाटू नये, पण चेहरा ताजा दिसावा. काय लावू?

फाउंडेशनची शेड हातावर बघू नका, हात आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन शेडच्या रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली घेतलेली माझी पहिली बाटली घरी आल्यावर चक्क राखाडी निघाली!

रोज सगळा चेहरा लिंपायची गरजच नाही. सनस्क्रीन मुरलं की नाकाच्या कडेला आणि डोळ्यांखाली थेंबभर फाउंडेशन, ओल्या स्पंजने थोपटून. घासू नका. काजळ काळ्याऐवजी तपकिरी, तेही वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी. खाली लावलं की लोकलच्या घामात दुपारपर्यंत पसरतं. गालांना लिपस्टिकचाच एक ठिपका बोटाने पसरवला तरी पुरतो.