लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं नाव लावावंच लागतं का? आणि पोलिस व्हेरिफिकेशनला किती दिवस लागतात?

नाही लागत. लग्न झालं म्हणून नाव बदला, अशी सक्ती पासपोर्टच्या नियमांत कुठेच नाही. तुमच्या आधार, पॅन, टीसीवर (शाळा सोडल्याचा दाखला) माहेरचं नाव असेल, तर तेच लावा. विवाहित आहात हे मात्र खरं लिहा. डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी विवाह प्रमाणपत्राची अटही काढून टाकली.

एवढं ठासून सांगते, कारण आमच्या घरी यावरून बरंच वाजलं. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणाले, "सगळ्या सुनांचं नाव बदललं, हिचंच कायले राहते?" नागपुरातल्या सीताबर्डीच्या कुण्या एजंटनं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की माहेरच्या नावानं फाइल अटकते. अशा एजंटचं पोटच अ‍ॅफिडेव्हिटवर भरते, तो दुसरं काय सांगणार?

मी अर्ज स्वतः भरला. गिव्हन नेमच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव, सरनेममध्ये माहेरचं आडनाव. नाव कधी बदललं का, दुसऱ्या नावानं ओळखतात का, दोन्हीला 'नाही'. पासपोर्ट सेवा केंद्रात ए काउंटरला फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन झाले. बी काउंटरवरच्या मॅडमनी आधार, पॅन, टीसी शेजारी शेजारी ठेवले, प्रत्येक नावाखालून पेन्सिल फिरवली आणि फाइल सी काउंटरला पाठवली. नवऱ्याच्या आडनावाबद्दल अवाक्षर नाही. घरी सांगितलं तर भासरे म्हणाले, "नशीब तुझं." नशीब कशाचं? नियमच तो आहे.

अडते ते अर्धवट बदललेल्यांचं. माझ्या जावेनं भासऱ्यांच्याच सांगण्यावरून आधार बदललं, पॅन तसंच राहिलं. ती अजून कागद जुळवून राहिली. मुलीच्या मार्कशीटा, डिग्री, नोकरी सगळं एका नावावर असताना ते पुसायला लावणं मला अन्यायच वाटतो, मग सांगणारा कितीही मोठा असो.

व्हेरिफिकेशनचे दिवस पोलिस ठाण्यावर अवलंबून. सध्या राहता तोच पत्ता द्या आणि अनोळखी नंबरचा फोनही उचला. दारावरच्या पाटीवर तुमचंही नाव लावून घ्या. आमच्या पाटीवर फक्त सासऱ्यांचं होतं, शिपायाला शेजारच्या काकूंना विचारावं लागलं.

हां, नवऱ्याच्या व्हिसावर बाहेर जाणार असाल तर महापालिकेतून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, तिकडे ते मागतात. आधार आधीच सासरच्या नावावर केलं असेल, तर आधी सगळे कागद एका नावावर आणा, मगच अपॉइंटमेंट घ्या.