भुताशी प्रेमसंबंध आल्याचे दावे खरे असतात का?

अनुभव बहुतेक वेळा खरा असतो, भूत नसतं.

रात्री छातीवर कुणीतरी बसलंय, अंगाला स्पर्श होतोय, पण हलताही येत नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातपाय ढिले करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. मग स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर, त्याच खोलीत चालू राहतं. मध्ययुगीन युरोपात याला रात्री येणारा कामुक सैतान म्हणत, आपल्याकडे हडळ. उताणं झोपणाऱ्यांना आणि जागरण झालेल्यांना हे जास्त होतं.

दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काका गेल्यावर माझी काकू कित्येक महिने पलंगाच्या भिंतीकडच्या कडेलाच झोपायची. "ते येऊन टेकतात, गादी दबते," असं तिनं मला अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. वेल्समधल्या डॉ. डेवी रीस यांनी 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 साली निष्कर्ष छापले: जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. हे वेड नव्हे.

म्हणून घरातलं कुणी असं बोललं तर हसू नका आणि मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्रास वारंवार होत असेल, झोप उडाली असेल, तर सरळ डॉक्टरांना दाखवा.