नवऱ्याची घानातल्या अक्राला बदली झालीय. तिथल्या मोठ्या मॉलमध्ये घरचं सगळं मिळतं का, की इथूनच भरून न्यावं?

मिळतं. पण सगळं तिथेच घेऊ नका.

मी 2012 ते 2015 तिकडे होते. विमानतळाजवळ टेट्टे क्वार्शी चौकात अक्रा मॉल आहे. एसी, सिनेमा, आणि तेव्हा एका टोकाला शॉपराइट, दुसऱ्या टोकाला गेम, ही दोन मोठी दक्षिण आफ्रिकी दुकानं होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढं स्वच्छ दुकान असताना बाजारात कशाला जायचं? पहिलं वर्ष मी ऐकलं.

मग ऋषिपंचमी आली. भाजीला अळू हवं. शॉपराइटमध्ये प्लास्टिकात गुंडाळलेलं लेट्यूस होतं, दक्षिण आफ्रिकेची सफरचंदं होती, अळू नाही. कामाला येणाऱ्या ताईंना कागदावर पान काढून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "कोंटोमिरे! मकोलाला चला." मकोला म्हणजे अक्रातला मोठा बाजार. ट्रोट्रोत, म्हणजे तिकडच्या शेअर मिनीबसमध्ये बसून गेलो. पाणी मारलेल्या हिरव्यागार जुड्या, देठ मोडला की कट्कन आवाज. चार घेतल्या, तर भाजीवाल्या मावशींनी पाचवी आपणहून पिशवीत कोंबली. ह्या वरकडीला तिकडे 'डॅश' म्हणतात. भेंडी आणि कणसंही तिथेच मिळाली. कोंटोमिरे म्हणजे अगदी आपलं अळू नव्हे, भाऊबंद आहे. चिंच घालून नीट शिजवलं नाही तर घसा खवखवतो.

ह्यांनी ती भाजी दोनदा वाढून घेतली आणि तरी म्हणाले, बाजार गलिच्छच. मला ते अजून पटलेलं नाही. महागाईचं खापर बाजारात विकायला बसणाऱ्या ह्याच बायकांवर फोडून 1979 साली लष्करी राजवटीने मकोलाचा मुख्य बाजार जमीनदोस्त केला होता. त्या पुन्हा बसल्या आणि आजही अख्ख्या शहराला जेवू घालतात. 2014 ला सेडी, म्हणजे घानाचं चलन, घसरला तेव्हा मॉलमधल्या आयात मालाच्या किमती बघता बघता चढल्या, कोंटोमिरेला तेवढी झळ लागली नाही. मॉलमध्ये चीज, डायपर, मिक्सर घ्या. भाजी तिथून घेणं म्हणजे पैसे फेकणं.

अर्थात माझी माहिती जुनी आहे, गेमने तर नंतर घानातून गाशाच गुंडाळला. डाळी-पिठं भारतीय दुकानांत मिळतात, थोडी महाग. गोडा मसाला मात्र घरचा न्या.

मकोलाला सकाळी लवकर जा, पर्स पुढे धरा. नवरा नको म्हणाला तर त्यालाच पिशव्या धरायला घेऊन जा. मी ते पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.