नवीन गाडी घेताना शोरूमने लावलेले जादा पैसे नाकारता येतात का, आणि गाडी सांगलीत घ्यावी की पुण्यात?

नाकारता येतात. मी 22,400 रुपये नाकारले आहेत आणि त्यापायी घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

2023 च्या दसऱ्याला, म्हणजे 24 ऑक्टोबरला, मी सांगलीतल्या एका शोरूममधून पेट्रोल हॅचबॅक घेतली. विम्यावरून आधीच एक खडाजंगी झाली होती. शोरूमची पॉलिसी 41,000 ची होती आणि तेवढ्याच कव्हरची मी स्वतः काढलेली 29,600 ची. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा) सक्तीचा असून त्याचा दर सरकारच ठरवते (माझ्या 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला जीएसटी सोडून 10,640), तेव्हा सगळी तफावत ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यात होती. ‘बाहेरची पॉलिसी सिस्टिम घेत नाही’ असे सांगणाऱ्या सेल्समनला मी तेच ईमेलवर लिहून मागितले. दुसऱ्या दिवशी सिस्टिमने पॉलिसी घेतली.

खरा प्रकार दसऱ्याच्या दिवशी झाला. शेवटच्या बिलात हँडलिंग चार्जेस 7,500 आणि मी न मागितलेले ‘बेसिक किट’ 14,900, असे दोन आकडे वाढलेले होते. वास्तविक गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे विमा आणि रोड टॅक्स धरण्याआधीच्या किमतीतच, धरलेला असतो. गाडी झेंडूचा हार घालून उभी, आई मांडीवर नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन सोफ्यावर बसलेली, आणि मॅनेजर म्हणतो की पैसे भरल्याशिवाय गेटपास निघणार नाही. मुहूर्ताच्या दिवशी गिऱ्हाईक भांडत नाही, यावरच या मंडळींचा धंदा चालतो. आमचे दाजी तर मोबाइल काढून क्यूआर कोडपाशी पोहोचलेही होते. मी त्यांचा हात धरून त्यांना मागे आणले. साडेदहाला गेलेले आम्ही चार वाजेपर्यंत बसून राहिलो. अखेर हँडलिंगवर काट मारली गेली आणि वर्कशॉपमधल्या एका पोराने मॅट उचलून, सीट कव्हर काढून, मडफ्लॅपचे स्क्रू एकेक करून सोडवले. डाव्या मागच्या चाकाशी त्या स्क्रूचे भोक आजही आहे.

दाजींचे म्हणणे असे की आठ लाखांच्या गाडीपुढे बावीस हजार म्हणजे काहीच नव्हे आणि मी चारचौघांत शोभा केली. माझे म्हणणे असे की बावीस हजार काहीच नसतील, तर ते शोरूमनेच सोडून द्यावेत. आपणही बुकिंगची रक्कम देण्याआधी ऑन-रोड किमतीचे, म्हणजे टॅक्स-विम्यासह सगळा खर्च धरून, शिक्का मारलेले कोटेशन घ्यावे आणि पैसे देऊन मोकळे होणारे नातेवाईक बरोबर नेऊ नयेत.

सांगली की पुणे, यात रोड टॅक्सचा फरक नाही. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो राज्यभर 11 टक्केच आहे. फरक पडेल तो सवलतीत, तेव्हा एकाचे कोटेशन दुसऱ्याला दाखवावे.

सेल्समनलाही अॅक्सेसरीजचे टार्गेट असते, त्यामुळे त्याच्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही. थेट मॅनेजरशी बोलावे. आणि घरातील वयस्कर माणसांना हिशेब मिटल्यावरच बोलावून घ्यावे. आईला मधुमेह आहे आणि त्या दिवशी तिचे जेवण संध्याकाळी सहाला झाले. आईचे हाल झाले, हे दाजींचे तेवढे म्हणणे मला मान्य आहे.