मासे एकाएकी मरायला लागले तर आधी पाणी बघा

उन्हाळा तापला की घरच्या फिशटँकबद्दलच्या पत्रांचा ओघ वाढतो, आणि निम्म्या पत्रांत प्रश्न एकच: "कोणतं औषध टाकू?" टँक किती मोठा, मासे कोणते, पाणी कधी बदललं, यातलं काही लिहिलेलं नसतं. म्हणून माझा उलट प्रश्न ठरलेला आहे: गेल्या दोन दिवसांत काय बदललं? रोग सहसा एकेक मासा धरत येतो. एका रात्रीत चार जातींचे मासे एकदम पडले, तर पाणी बिघडलंय किंवा पाण्यात काहीतरी गेलंय असंच धरून चालावं.

"दोन फुटी टँक आहे. शनिवारी पूर्ण रिकामा केला. खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुतला, स्पंज उन्हात वाळवला, नळाचंच पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत दोन एंजल गेले. बाकीचे बरे होते, पण आज पाचव्या दिवशी सगळेच वर येऊन तोंड उघडून राहिले. टँक इतका स्वच्छ, मग काहून असं?" (वाचक, नंदनवन)

स्वच्छ केला म्हणूनच. तुमच्याकडे दोन वेगळे प्रकार एकापाठोपाठ घडलेत.

पहिला क्लोरीनचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतोच आणि असायलाच हवा. भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत येताना तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला पाहिजे. आपल्याला तो कळतही नाही, पण कल्ल्यांची कातडी जाळायला याच्या निम्मा क्लोरीनही पुरतो. पाणी भरल्यापासून काही तासांत मासे गेले की पहिला संशय क्लोरीनवर, दुसरा तापमानाच्या फरकावर. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं, हे नागपूरकराला सांगायला नको.

पाचव्या दिवशीचा प्रकार अमोनियाचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात येतो. स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजे हे जिवाणूच. ते तुम्ही क्लोरीनने मारले आणि उरलेले उन्हात वाळवले. वसाहत पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टँक नवाच समजायचा.

आता करायचं ते असं. आजच अर्धं पाणी बदला. नवं पाणी टँकच्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम पुरे. खडे नसतील तर बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून पाणी चोवीस तास ठेवा. दोन दिवस खाणं बंद. मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही, उलट न खाल्लेल्या दाण्यांनी अमोनिया वाढतो. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणा, आणि दोन्ही शून्यावर येईपर्यंत रोज पाव पाणी बदलत राहा. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या. या पिळलेल्या घाणीइतकं गुणकारी औषध बाटलीत मिळत नाही.

मासा मेलाच तर फेकण्याआधी कल्ल्याचं झाकण नखाने उचलून बघा. ताजा मेलेला असेल तर आतले कल्ले लालभडक दिसायला हवेत. चॉकलेटी दिसले तर नायट्राइट: त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते. अशा वेळी लिटरला १ ग्रॅम मीठ टाकलं की त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. तुमचा टँक २४×१२×१२ इंची असेल तर गुणाकाराला ६१ ने भागा, साधारण ५६ लिटर येतात. खडी आणि वरची रिकामी जागा सोडून ४८ ते ५० धरा. हा हिशेब कागदावर लिहून टँकला चिकटवून ठेवा, प्रत्येक औषधाला लागतो.

"ऑस्कर आणि दोन मोठे सकर (काच चाटणारे मासे). रात्री ठीक असतात, पहाटे मात्र ऑस्कर वर येऊन धापा टाकतो. खोलीत कूलर असतो. बर्फ टाकू का?" (वाचक, मानेवाडा)

बाहेर पारा ४५ च्या वर गेला की घरातला टँक सहज ३३-३४ अंशांवर जातो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी गरम पाण्यात माशाला तो जास्त लागतो. टँकमध्ये वनस्पती असतील तर रात्री त्याही ऑक्सिजनच घेतात. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट.

बर्फ थेट नको. पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून तरंगत ठेवा. तासाला एखादा अंश उतरला तरी पुष्कळ. त्याहून सोपा उपाय म्हणजे वरचं काचेचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने दोन-तीन अंश आरामात उतरतात. पावसाळ्यात ही युक्ती फारशी चालत नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी कूलरच्या टाकीतलं पाणी ओतू नका. त्यात क्षार साठलेले असतात आणि डासांच्या अळ्यांचं औषधही पडलेलं असू शकतं.

वळवाच्या वादळात वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप असावा. नसेल तर मगने पाणी उचलून वरून ओतत राहायचं, गंमत नाही, खरंच उपयोग होतो. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा, बंद डब्याचा) तीन-चार तास बंद राहिला असेल तर आतलं सडकं पाणी टाकून मगच सुरू करा.

"गल्लीत धुराची गाडी येऊन गेली. अर्ध्या तासात गप्पी गोल गोल फिरायला लागले, झटके देऊन राहिले. श्रिम्प तर सगळे गेले." (वाचक, इतवारी)

लक्षण स्वच्छ आहे. डासांच्या धुरात, फवाऱ्यात आणि प्लगला लावायच्या लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड वर्गाची औषधं असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, पण माशांना ती फार थोड्या मात्रेत मारतात आणि श्रिम्पना त्याहूनही थोड्या. तडफड, गिरक्या, पाठीवर पडून पुन्हा सरळ होणं, ही मज्जातंतूंवरच्या विषाची खूण. क्लोरीनचा मासा असा नाचत नाही, तो धापा टाकतो.

लोकांच्या ध्यानात येत नाही ते हे की विष पाण्यात ओततो आपला एअर पंपच. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, पंप बंद करा, टँकवर ओली चादर टाका, पाण्याखालचा फिल्टर तेवढा चालू ठेवा. धूर निवळला की पंप पुन्हा लावा. लिक्विडचं मशीन टँकच्या खोलीत लावूच नका. आता तुमच्याकडे जे वाचलेत त्यांच्यासाठी ताबडतोब अर्धं पाणी बदला, चार-सहा तासांनी पुन्हा अर्धं, आणि फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला. उतारा म्हणून दुसरं औषध नाही.

"नवे मॉली आणले, आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे. दुकानातून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. दाणे दोन दिवसांत गेले, म्हणून थांबवलं. आता दुप्पट आलेत." (वाचक, त्रिमूर्तीनगर)

कॅप्सूलने काहीच झालं नाही. दाणे आपले आपण गळाले. हा इक, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो एका परजीवी प्राण्याने होतो, जिवाणूने नाही. त्यामुळे टेट्रासायक्लिनचा त्याच्यावर परिणाम शून्य, फिल्टरातल्या उपयोगी जिवाणूंवर मात्र होऊ शकतो.

दाणा म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, आणि तिथे औषध पोचत नाही. पिकला की तो गळून खडीत पडतो, गाठ करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. म्हणून दाणे दिसेनासे होतात त्या दिवशी उपचार सुरूच असायला हवा, आणि तुम्ही नेमका तेव्हाच थांबवला. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याचं, थंडीत लांबतं, उबेत आखडतं.

मॉलीला मीठ मानवतं. लिटरला ३ ग्रॅम मीठ, पण एकदम नाही, तीन भागांत दीड दिवसात. खडे मीठ चालेल, घरातलं आयोडीनचंही चालेल. टँकमध्ये कोरी (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर अर्ध्यावर थांबा, वनस्पती आधी काढून ठेवा. तापमान हळूहळू ३० अंशांवर न्या आणि एअर पंप वाढवा. रोज सायफनने खडीतली घाण ओढा आणि जितकं पाणी काढलं तितक्याच पाण्याच्या हिशेबाने मीठ परत घाला. शेवटचा दाणा गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवा. मॅलाकाइट ग्रीन वापरायचंच असेल तर कार्बन काढून, हातमोजे घालून आणि बाटलीवरच्या मात्रेतच.

दाणे रव्याएवढे नसून पिठीसारखे बारीक असतील तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरपा मारा. सोनेरी झाक दिसली तर तो वेल्व्हेट, जास्त घाईचा रोग.

आणि नवे मासे थेट टँकमध्ये सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळा टब, स्पंज फिल्टर, वेगळी जाळी. यात आळस करणाऱ्यांकडूनच मला ही पत्रं येतात.

"गप्पीच्या तोंडाला कापसासारखं पांढरं. फंगस म्हणून हीटर ३१ वर केला, तर दिवसात तीन गेले." (वाचक, धरमपेठ)

तो फंगस नव्हता. ओठांवर किंवा पाठीच्या पराखाली राखाडी-पांढरा, चपटा, कडा पिवळसर असा पट्टा दिसला आणि मासे भराभर गेले, तर बहुधा कॉलम्नॅरिस. हा जिवाणू आहे आणि उबेत तो धावतो. खरा फंगस लांब धाग्यांचा, पिंजल्यासारखा दिसतो आणि सहसा आधीच्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर चढतो. इकला जी ऊब उपयोगी, तीच इथे घात करते. हीटर बंद करून पाणी २५-२६ वर येऊ द्या, गर्दी कमी करा, आजारी मासे वेगळे ठेवा. याला प्रतिजैविक लागतं, पण कोणतं आणि किती ते तज्ज्ञाला विचारून.

"गोल्डफिश उलटा तरंगतो. आणि दुसरा प्रश्न: फायटर माशाचं पोट फुगून खवले उभे राहिलेत." (वाचक, महाल)

गोल्डफिशला तीन दिवस उपास, मग उकडून सोललेल्या मटाराचा छोटा तुकडा. तरंगणारे दाणे बंद, बुडणारे भिजवून द्या. गोल जातींत हा दोष शरीराच्या ठेवणीतच असतो, त्यामुळे काही कायमचे तसेच राहतात आणि तरी खाऊनपिऊन जगतात.

फायटरची बातमी चांगली नाही. वरून पाहिल्यावर खवले ताठ उभे दिसतात तेव्हा मूत्रपिंडांचं काम बहुतेक संपलेलं असतं. वेगळा ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा, फार आशा धरू नका. आणि कृपा करून कोणताही आजारी किंवा नकोसा मासा फुटाळा, अंबाझरी तलावांत सोडू नका. सकर तर मुळीच नाही, तो तिथे तग धरतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठतो.

"नागपुरात मासा दाखवायचा कुठे?" (दोन-तीन वाचक)

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे. आधी चौकशी करून जा. नेताना मेलेला नव्हे, आजारी पण जिवंत मासा न्या: पिशवीत एक तृतीयांश टँकचंच पाणी, वर हवा, औषध काही नाही. शिवाय अर्धा लिटर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत. मासा नुकताच मेला असेल तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि सायफन तोंडाने ओढू नका. माशांचा क्षय माणसाच्या कातडीला होतो, आणि ती न भरणारी गाठ कशाची हे डॉक्टरांना पटकन कळत नाही. घरी टँक आहे हे त्यांना आपण होऊन सांगा.