आधी कपाटाचं कुलूप काढा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ६८ टक्के. साठवलेल्या पैशांतून त्यानं सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून बोटांनी वाजवायचं यंत्र, घेतला. 'दिवसभर तेच चार बार (चार-चार मात्रांची आवर्तनं) ऐकून डोकं उठतं. मशीनच वाजवतं, यात याचं काय? सीईटीपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवलंय. आता जेवतानाही बोलत नाही. पै-पाहुण्यांत काय सांगू?'

साहेब, मला त्या ६८ टक्क्यांची काळजी वाटत नाही. जेवणाच्या ताटावरचा अबोला जास्त खटकतो. पैसे त्याचे, वस्तू त्याची, कुलूप तुमचं. पुस्तक उघडून तो मनानं त्या कपाटातच बसणार. किल्ली द्या आणि वेळ ठरवा: अभ्यास झाल्यावर रात्री एक तास, हेडफोन लावून. पै-पाहुण्यांना काही सांगायची गरज नाही.

'मशीनच वाजवतं' हे मात्र डोक्यातून काढा. नव्या सॅम्पलरमध्ये नमुन्याचे आवाज असतात, पण स्वतःचा ठेका ज्याचा त्यालाच बांधावा लागतो. आवाज रेकॉर्ड करायचा, कापायचा, १६ पॅडवर, म्हणजे बोटानं दाबायच्या चौकोनांवर, लावायचा. आवाजाची लहर शून्य रेषा ओलांडते तिथं काप पडला नाही तर प्रत्येक ठोक्याला 'टक्' ऐकू येऊ शकतं. उघडी आणि बंद हाय-हॅट (ड्रमची जोडझांज) एका म्यूट ग्रुपमध्ये, म्हणजे एक वाजताच दुसरी थांबेल अशा गटात, टाकली नाही तर दोन्ही एकमेकींवर वाजत राहतात. खरी कसोटी स्विंगची, म्हणजे ठेक्याला किती झुलवायचं त्याची. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत, एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १६७. क्वांटाइझ केलं, म्हणजे मशीनला ठोके नेमक्या जागी बसवू दिले, की सगळे रेषेत येतात आणि ठेका मरतो. स्विंग ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ५८ केला की दर दुसरा ठोका सुमारे २७ मिलिसेकंद मागे सरकतो. ६६ च्या आसपास चाल तिस्र, म्हणजे तीन-तीनांची, होते. किती मागे ओढायचं हे मशीन सांगत नाही, कान सांगतो. तबलजीला आपण हेच तर विचारतो.

तुमची एक तक्रार मात्र खरी आहे. चार बार म्हणजे गाणं नव्हे. ९० बीपीएमला तीन मिनिटांत साधारण ६८ बार होतात. तेच चार सतरा वेळा फिरवले तर कुणाचंही डोकं उठेल. सुरुवात, बदल, मोकळी जागा, शेवट असे तीन पूर्ण ट्रॅक त्यानं तुम्हाला ऐकवावेत. एकही पुरा होत नसेल तर मशीनचा दोष नाही, हे त्यालाही सांगा.

सिनेमाच्या गाण्यातले पाच सेकंद उचलले तर चालतं, असं ही मुलं हमखास समजतात. सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, चालीचे वेगळे. त्यापेक्षा मिरजेत जा. तिथं सतारमेकरांच्या गल्लीत, परवानगी घेऊन, तंबोऱ्याची एकेक तार रेकॉर्ड करू द्या. पंखा बंद, लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर नको. फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

सीईटी द्यावीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या तीन वर्षांच्या ध्वनी अभ्यासक्रमाला पदवी लागते, म्हणजे पदवीवरून भांडण नकोच. असे ठेके विकून घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेनंतर त्याला सांगलीतल्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत पाठवा. पार्श्वसंगीताचे क्यू, म्हणजे ठरल्या जागी वाजवायचे तुकडे, पॅडवर लावून नटाच्या वाक्याबरोबर बोट टाकायचं. तिथं हात अर्धा सेकंद चुकला तर दिग्दर्शक सांगेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.