माडीवर ड्रमचा सराव

प्रश्न : आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. मुलाला माडीवर इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवायचा आहे, पण खालच्या खोलीत आजारी सासूबाई झोपतात. त्यांना त्रास होईल का?

उत्तर : हेडफोन लावल्यावर ड्रमचा नाद केवळ वाजवणाऱ्याला ऐकू येतो, परंतु काठ्यांची टकटक आणि पायाच्या पेडलचा दणका उरतोच. टकटक दार लावल्यास बरीच कमी होते, दणका मात्र जमिनीतून थेट खाली उतरतो आणि माडी लाकडी असेल तर तो अधिकच जाणवतो. म्हणून संच शक्यतो तळमजल्यावर, सासूबाईंच्या खोलीपासून दूर मांडावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ते जमत नसेल, तर प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यांवर संच ठेवावा. चेंडू घरंगळू नयेत म्हणून खालच्या फळीला त्यांच्या व्यासाहून लहान भोके पाडावीत, म्हणजे पेडलची थरथर बऱ्याच अंशी चेंडूंतच जिरते. ज्यांवर काठ्या मारायच्या ते पॅड रबराचे न घेता जाळीच्या पडद्याचे घ्यावेत. रोलँड कंपनीने १९९७ साली आणलेल्या संचापासून असे पडदे रूढ झाले. त्यांवर काठीचा आवाज कमी होतो आणि पडद्याचा ताणही हवा तसा ठेवता येतो. भारनियमनात मॉड्यूल, म्हणजे ड्रमचा आवाज तयार करणारी पेटी, बंद पडले, तरी याच पॅडवर हाताचा सराव चालू ठेवता येतो.